सतरा इंची हौस

गाडी शर्यतीत पळवायची हौस अखिल कोठारीला आली तेव्हा त्याची चाळिशी उलटून गेली होती, पोट शर्टाच्या पुढे चालायला लागलं होतं आणि जिना चढताना डावा गुडघा बोलायला लागला होता. हे सगळं त्याला माहीत होतं. तो स्वतःच लोकांना सांगायचा, "या वयात माणसाची एक तर शुगर निघते, नाही तर खूळ निघतं. माझं खूळ निघालं."

जळगावात फुले मार्केटला कोठारींचं रेडिमेड कपड्यांचं दुकान. वडील लालचंदजींनी, म्हणजे बाबूजींनी, ते नावारूपाला आणलं, आणि आता गल्ल्यावर अखिल बसायचा. बाबूजी दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. गिऱ्हाईक आलं की "या, बसा" म्हणायचे, गिऱ्हाईक आत निघून जायचं आणि बाबूजी पुन्हा रस्त्याकडे बघत राहायचे. दुकानातली पोरं त्यांना मान द्यायची, चहा द्यायची, फक्त विचारायची काही नाहीत.

खुळाचं मूळ धरणगावचा ईश्वर पाटील. अखिलचा कॉलेजातला मित्र, बी-बियाणांचं दुकान आणि तोंडात कायम अहिराणी. त्याने एका लग्नात जेवता जेवता सांगितलं, की धुळ्यात एका क्लबने ऑटोक्रॉस सुरू केलंय. मोकळ्या मैदानात नारंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची. एका वेळी एकच गाडी सोडायची. जो कमी वेळात बाहेर पडेल तो जिंकला. शंकू पाडला तर दंडाचे सेकंद वाढतात. नवशिक्यांचा वेगळा गट असतो, त्यात घरची रोजची गाडी चालते, फक्त डोक्यावर हेल्मेट पाहिजे.

"गाडी गाडीले लागत नही, मानूस मानूसले लागत नही," ईश्वर म्हणाला. "तुनासारखा घाबरटना खेळ शे."

अखिलला हे अगदी पटलं. आपण घाबरट आहोत हे त्याला कधी अमान्य नव्हतं. त्याने तिथेच नाव द्यायचं ठरवलं, आणि मग घाबरट माणूस जे करतो ते केलं. गाडी चालवायचा सराव करायचं सोडून अभ्यास सुरू केला.

रात्री दुकान बंद केल्यावर तो मोबाईलवर ऑटोक्रॉसचे व्हिडिओ बघत बसायचा. सगळे परदेशातले. मोठमोठ्या डांबरी पार्किंगमध्ये शंकू मांडलेले, काळीकुळकुळीत जमीन, आणि त्यावर चिकटून वळणाऱ्या गाड्या. व्हिडिओतला प्रत्येक माणूस एकच सांगत होता, की सगळा खेळ टायरचा आहे. रुंद टायर जमिनीला जास्त पकडतो. टायरची बाजू बुटकी असली की वळणावर ती लवत नाही. अखिलने हे इतक्या वेळा ऐकलं, की जेवताना भाकरीचा पापुद्रा बघूनही त्याच्या मनात टायरची बाजू यायची.

टायरवरचे आकडेही त्याने पाठ केले. त्याच्या हॅचबॅकला कंपनीकडून आलेले टायर होते १६५/८० आर १४. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा बाजूच्या उंचीचा, म्हणजे रुंदीच्या किती टक्के. शेवटचा चौदा म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचात. हे कळल्यावर त्याला फार बरं वाटलं. जन्मभर कॉलर आणि छातीच्या मापात वावरलेला माणूस तो. गिऱ्हाईक दारातून आत आलं की याच्या तोंडून बेचाळीस की चव्वेचाळीस ते निघायचं, आणि ते चुकत नसे. त्यामुळे मापाच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं. पुढे जे झालं त्यात या मताचा वाटा मोठा होता.

अजिंठा चौफुलीजवळ प्रेमराज नावाच्या माणसाचं टायरचं दुकान होतं. अखिल तिथे गेला आणि म्हणाला, "सतरा इंची अलॉय रिम दाखवा. टायर २१५/५०."

प्रेमराजने गाडीकडे बघितलं. "अखिलशेठ, या गाडीला पंधरापर्यंत चांगलं दिसतं. पंधराला १८५/६५ टाका. चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते, गाडीला कळणारसुद्धा नाही."

"कळलं पाहिजे ना तिला," अखिल म्हणाला. "ऑटोक्रॉसला जातोय मी."

"तरी सतरा जरा जास्त होतं. आणि सतरा घ्यायचेच तर टायर एवढा उंच नको. सगळं चाकच मोठं होतं मग."

"मडगार्डमध्ये पोकळी दिसते हो. भरून दिसायला पाहिजे."

प्रेमराजने एकदा सांगून पाहिलं होतं. आता त्याने धंद्याकडे लक्ष द्यायचं ठरवलं. त्याने काळ्या पाकळ्यांची चार अलॉय काढली, त्यांवर टायर चढवले आणि चाकं गाडीला लावली. गाडी जॅकवरून खाली आली तेव्हा ती एखाद्या बारीक पोराने मोठ्या भावाचे बूट घातल्यासारखी दिसत होती. अखिलला मात्र ती वाघासारखी दिसली. दुकानात असं दृश्य तो रोज बघायचा. आरशासमोर उभा राहिलेला माणूस ढगळ कोटात स्वतःला राजबिंडा समजत असतो आणि अखिल मागून गोड शब्दांत त्याला खाली उतरवतो. इथे त्याला खाली उतरवायला कोणी नव्हतं.

जुनी चाकं, म्हणजे लोखंडी डिस्क आणि निम्मेअधिक आयुष्य उरलेले टायर, ईश्वरने मागून घेतली. त्याची गाडी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, आणि तिचे टायर पार गुळगुळीत झाले होते. अखिलने ती मोठ्या मनाने देऊन टाकली. वर सांगितलं, "तुला पुरतील ती. तुझं काय, तू सहज म्हणून येतोयस."

घरी चेलनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, गॅलरीतून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "चाकं छान आहेत. गाडी कुठे ठेवलीत?"

शर्यत जानेवारीतल्या एका रविवारी होती. लग्नसराई असल्याने चेलना दुकान सांभाळायला थांबली. अखिल एकटाच निघणार होता, पण आदल्या दिवशी जेवताना बाबूजी म्हणाले, "धुळ्याला चाललाच आहेस तर मीही येतो. प्रेमकुंवर जिजींना भेटून बरेच दिवस झाले. मला गल्ली नंबर पाचमध्ये सोड आणि तू तुझ्या कामाला जा. वाटेत एरंडोल आणि पारोळ्याच्या दुकानदारांना नवे नमुने द्यायचे आहेत, तेही होऊन जाईल."

प्रेमकुंवर जिजी म्हणजे बाबूजींची थोरली बहीण. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. सकाळी उजाडताच दोघं निघाले. थंडी कडक होती. बाबूजी कानाला मफलर गुंडाळून, मांडीवर खाकऱ्याचा डबा घेऊन, नेहमीसारखे मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसले. बाबूजींची तब्येत भरदार. अखिलचं पोट आलं होतं ते याच घराण्यातून.

हायवेवर ठीक चाललं होतं. गाडी जरा जड पळत होती, गिअर टाकल्यावर पूर्वीसारखी उसळत नव्हती, पण अखिलने ते थंडीवर ढकललं. एरंडोल गावात शिरल्यावर पहिला ब्रेकर लागला. पुढची चाकं गेली. मागची चढून उतरली आणि डाव्या बाजूने 'खर्रर्र' असा आवाज आला, कोणी पत्र्यावर कानस फिरवावी तसा.

"काय झालं?" बाबूजींनी विचारलं.

"काही नाही. नवीन टायर आहेत, बसतायत."

दुसऱ्या ब्रेकरला आवाज मोठा आला. अखिलने उतरून बघितलं. मागच्या चाकाचा वरचा भाग मडगार्डच्या कडेला घासला होता आणि रबराचा बारीक चुरा निघाला होता. ओझं पडलं की गाडी खाली बसत होती, आणि मोठ्या चाकाला वर जायला जागाच उरत नव्हती. आणि ओझं म्हणजे बाबूजी. हे वडिलांना कोणत्या शब्दांत सांगावं, याचा विचार करत तो वाकून उभा राहिला.

बाबूजींनी काच खाली केली. "माझ्यामुळे घासतंय का?"

"तसं नाही बाबूजी. चाक थोडं..."

"पुढे बसतो मी."

ते पुढे बसले, तर पुढच्या ब्रेकरला पुढचं चाक बोललं. बाबूजी पुन्हा मागे गेले. त्यानंतर जो ब्रेकर आला, त्याच्या आधी त्यांनीच अखिलच्या खांद्यावर हात ठेवला, गाडी थांबवायला लावली, डबा सीटवर ठेवला, उतरले, ब्रेकर चालत ओलांडला आणि पलीकडे जाऊन उभे राहिले. अखिलने रिकामी गाडी हळूच पार केली. आवाज आला नाही. बाबूजी पुन्हा आत बसले.

मग तेच सुरू झालं. ब्रेकर आला की बाबूजी उतरायचे, मफलर सावरत पलीकडे जायचे आणि बसायचे. पारोळ्यात बाजारपेठेतून जाताना चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला लागली. एकाने येऊन आदबीने विचारलं, "आबा, काही नवस शे का?"

"हो, मुलाचा आहे," बाबूजी म्हणाले.

अखिलने ते ऐकलं. मान खाली घालून त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. जगात शर्यतीला निघालेले कितीक असतील, पण बापाला गावोगाव पायी चालवत निघालेला आपण एकटेच, असं त्याला वाटलं. आणि वाईट म्हणजे, हे वाटत असताना त्याला हसूही येत होतं.

या उतरचढीत इतका उशीर झाला, की गल्ली नंबर पाचला वळायला वेळ उरला नाही. बाबूजींनी जिजींना फोन करून दुपारनंतर येतो म्हणून सांगितलं, आणि गाडी सरळ आग्रा रोडने लळिंगच्या बाजूला निघाली.

मैदान बघून अखिलने ब्रेक दाबला.

डांबर नव्हतं. कुणाचं तरी गोदाम व्हायचं म्हणून सपाट केलेली मोठी जागा होती. सगळा लाल मुरूम. मध्येमध्ये खडे, कडेला बाभळी आणि एक लिंबाचं झाड. नारंगी शंकू मांडलेले होते आणि सरावाला सोडलेली एक गाडी धुळीचा लोट उडवत चालली होती. तिची चाकं बारकी होती. शेजारी उभ्या असलेल्या सगळ्याच गाड्यांची चाकं बारकी होती. तिथे अखिलची गाडी अंगणातल्या जेवणावळीत सुटाबुटात आलेल्या पाहुण्यासारखी जाऊन उभी राहिली.

जागा कसली आहे, हा एक प्रश्न सोडून बाकी सगळं त्याने आठवडेच्या आठवडे अभ्यासलं होतं.

ईश्वर आधीच पोचला होता. तो कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "हाई काय लई उना रे भो? गाडी शे का नवरदेव शे?"

"हस," अखिल म्हणाला. "आधी हसून घे."

गाड्या तपासायला क्लबची मेघा होती. पस्तिशीची बाई, पॉलिटेक्निकला शिकवायची आणि सुटीत रॅलीत गाडी चालवायची. तिने टॉर्च घेऊन चाकाच्या वर, आत, खाली बघितलं आणि म्हणाली, "अखिलभाऊ, स्टिअरिंग पूर्ण वळवा." त्याने वळवलं. चाक निम्म्यातच आतल्या प्लास्टिकला टेकलं. "दुसरीकडे वळवा." तिकडेही तेच.

"अशी सोडता येणार नाही," ती म्हणाली. "वळणावर चाक अडकलं तर गाडी सरळ जाईल, आणि सरळ तिकडे लोक उभे आहेत. शिवाय इतक्या बुटक्या बाजूचा टायर मुरुमावर खड्यावर आपटला, की धक्का रिमलाच बसतो. आज वाचलात तर उद्या रिम वाकेल."

"रुंद टायर जास्त पकडतो असं ऐकलं होतं," अखिल म्हणाला. आपला आवाज इतका बारीक का झाला, हे त्यालाही कळेना.

"डांबरावर पकडतो. इथे तो मुरुमावर तरंगतो. बारीक टायर वरची सुटी माती कापतो आणि खालची घट्ट जमीन धरतो. आणि तुमचं सगळं चाकच मोठं झालंय. गाडीला सुटताना जोर पडत असेल ना? दुसऱ्या गिअरमध्ये उठवल्यासारखी?"

"मला वाटलं थंडीमुळे."

मेघाला हसू आलं, पण तिने ते टॉर्च बंद करण्यात घालवलं. "जुनी चाकं आणलीत का? बदलून या, मी थांबते."

अखिलने मान वळवून ईश्वरच्या गाडीकडे बघितलं. मेघानेही तिकडे बघितलं. ईश्वरच्या धुळकट गाडीला अखिलची चारही जुनी चाकं लावलेली होती, नीट, ऐटीत.

ईश्वरनेच अखिलच्या पाठीवर थाप मारली. "मनी गाडी चालाड ना. तिले तुनाच टायर शेतस. आठे एक गाडी दोन-दोन जन चालाडतस."

मेघा म्हणाली, तसं चालतं, फक्त दोघांच्या फेऱ्या वेगवेगळ्या लावाव्या लागतील. अशा रीतीने स्वतःची सजवलेली गाडी झाडाखाली ठेवून, स्वतःचीच टाकलेली चाकं उसनी घेऊन अखिल शर्यतीत उतरला.

दरम्यान एक वेगळीच अडचण आली होती. वळणांवर उभं राहून शंकू बघणारी माणसं कमी पडत होती. दोघं जण आलेच नव्हते. मेघा इकडेतिकडे बघत होती आणि तिची नजर लिंबाखाली खुर्ची शोधत असलेल्या बाबूजींवर पडली.

"काका, दिसतं ना तुम्हाला लांबचं?"

"लांबचं चांगलं दिसतं. जवळचं दिसत नाही."

"मग एक काम कराल? या वळणावर उभं राहायचं. गाडीने शंकू पाडला किंवा आखलेल्या चौकटीच्या बाहेर सरकवला, की हे निशाण वर करायचं आणि किती ते बोटांनी दाखवायचं. नुसता हलला आणि चौकटीतच राहिला तर काही नाही."

बाबूजींनी तिला दोन-तीन शंका विचारल्या. चौकटीच्या रेषेवर राहिला तर काय? वाऱ्याने पडला तर? ती उत्तरं देत गेली आणि ते मान डोलावत गेले. मग त्यांनी मफलर काढून खिशात घातला, पांढऱ्या सदऱ्यावर नारंगी जाकीट चढवलं आणि लिंबाजवळच्या वळणावर जाऊन उभे राहिले. खुर्ची आणून ठेवली तरी बसले नाहीत.

अखिलची पहिली फेरी सांगण्यासारखी नाही, तरी तो ती अजून सगळ्यांना सांगतो. सुरुवात झाली, हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास इंजिनापेक्षा मोठा ऐकू यायला लागला, आणि तिसऱ्या वळणानंतर त्याला रस्ता आठवेना. सगळीकडे शंकू, आणि सगळे सारखे. तो एका फटीतून बाहेर पडला तो थेट जेवणाच्या मांडवासमोर. तिथला आचारी झारा वर धरून त्याच्याकडे बघत उभा राहिला. अखिलने त्याला हात केला आणि गाडी वळवली. फेरी बाद.

दुसऱ्या फेरीला त्याने ठरवलं, रस्ता चुकायचा नाही. रस्ता चुकला नाही. एकही शंकू हलला नाही. फेरी संपल्यावर मेघा म्हणाली, "अगदी स्वच्छ. पण अखिलभाऊ, गाडी पळवायची होती, पार्क नव्हती करायची." फळ्यावर त्याचं नाव सगळ्यात खाली लागलं. त्याच्या वर एक प्राध्यापक होते, तेही चष्मा पुसण्यासाठी मध्येच थांबले होते.

मधल्या वेळात ईश्वर भरीत-पुरी घेऊन आला. बाबूजींनी कांदा असल्याने हात जोडले आणि उभ्या उभ्याच खाकरा खाल्ला. अखिल त्यांच्याजवळ गेला. "बाबूजी, थकला असाल. दुसरं कोणी बघेल, तुम्ही बसा. नाही तर जिजींकडे सोडतो."

"दुसरं कोण आहे?" बाबूजी म्हणाले. त्यांच्या सदऱ्यावर, भुवयांवर, मिशीवर लाल धूळ बसली होती. "आणि मघाशी ती बाई येऊन विचारून गेली, की इथला शंकू जरा आत घेऊ का. मी म्हटलं घ्या, गाड्या वळणाचा फायदा घेतायत. घेतला तिने."

दुकानात बाबूजींना शेवटचं कोणी काय विचारलं होतं, ते अखिलला आठवेना.

तिसरी आणि शेवटची फेरी. ईश्वरने खिडकीतून डोकं आत घालून सांगितलं, "ब्रेक वळनना पहिले दाब, वळनमा नही. आणि मोबाईलमा दखेल बठ्ठं विसरी जाय."

अखिलने खरंच सगळं विसरून टाकलं. निशाण पडलं आणि गाडी उसळली. त्या जुन्या, बारक्या चाकांवर ती अशी उसळली, की त्याला तिची माफी मागावीशी वाटली. पहिल्या वळणाला ब्रेक आधी दाबला, मग सोडला, मग नाक आत घातलं. मागची बाजू किंचित घसरली आणि पुन्हा सावरली. हे आपण केलं की गाडीने, ते त्याला कळलं नाही. गुडघा, पोट, दुकान सगळं मागे धुळीत राहिलं. लिंबाच्या वळणावर तो जरा जोरातच शिरला. गाडी बाहेर वाहवली, खाली कुठे तरी 'टप' झालं, आणि तो शेवटची रेषा ओलांडून बाहेर पडला.

ईश्वर धावत आला. मेघाने वेळ वाचली. वेळ चांगली होती. प्राध्यापक आणि आणखी दोघं मागे पडले असते. अखिलने हेल्मेट काढलं आणि वळून पाहिलं. लिंबाजवळ निशाण वर होतं. दुसऱ्या हाताची दोन बोटंही वर होती.

तो तरातरा चालत तिथे गेला. मेघा मागून आली. एक शंकू आडवा पडलेला होता, त्याबद्दल वाद नव्हता. दुसरा उभा होता.

"बाबूजी, हा उभा आहे."

"उभा आहे. पण बाहेर गेलाय."

"रेषेवर आहे."

बाबूजी वाकले, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांनी बोटाने चौकटीची पांढऱ्या फक्कीची रेषा दाखवली आणि शंकूची कड दाखवली. मध्ये एवढीशी लाल माती दिसत होती. "बाहेर आहे, अखिल."

मेघाने फोन कानाशी लावून पलीकडच्या वळणावरच्या माणसाला विचारलं. "धूळ फार होती, काका. पलीकडच्या माणसाला एकच दिसला. तुमचा मुलगा आहे म्हणून मी काही एक धरा असं म्हणणार नाही, पण तुमची खात्री आहे ना?"

"माझा मुलगा आहे म्हणूनच दोनदा बघितलं," बाबूजी म्हणाले.

दोन शंकूंचा दंड लागला आणि अखिलचं नाव प्राध्यापकांच्या खाली जिथे होतं तिथेच राहिलं. त्याला राग आला. अगदी लहान मुलासारखा राग आला. बाप सकाळपासून आपल्यासाठी ब्रेकर चालत ओलांडतोय आणि आता एका शंकूपुरतं डोळे मिटायला तयार नाही. तो गाडीशी जाऊन उभा राहिला. तिथून त्याला दिसलं, की पुढची गाडी सुटण्याआधी बाबूजींनी दोन्ही शंकू उचलले, चौकटीत ठेवले, दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुन्हा येऊन एक बोटभर सरकवला आणि मग निशाण खाली धरून ताठ उभे राहिले. राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही. त्याने ईश्वरला म्हटलं, "शेवटचा नंबर आलाय, पण पंच घरचा होता."

ईश्वरचा नंबर चौथा आला. तो अखिलचे टायर दाखवून सगळ्यांना सांगत होता, की टायर फार नशीबवान आहेत.

बक्षीस वाटून झाल्यावर अखिलने मेघाला गाठलं. या वेळी त्याने फक्त ऐकलं. ती म्हणाली, पहिल्या वर्षी चाकाला हातच लावू नका. रिम चौदाचीच ठेवा. टायर झिजले की त्याच रिमवर १८५/७० घ्या. रुंदी थोडी वाढते, उंची जवळपास तीच राहते, कुठे घासत नाही. नक्षी मोठ्या ठोकळ्यांची बघा, म्हणजे माती अडकून राहत नाही. बाजू उंच असली तर खड्याचा धक्का ती खाते. हवा किती ठेवायची ते एकदम बदलू नका, थोडी कमी-जास्त करून बघा.

"आणि मोठी अलॉय?"

"लग्नाला जाताना लावा," मेघा म्हणाली.

परतीच्या वाटेवर दोघं जिजींकडे गेले. बाबूजींना सूर्यास्ताच्या आत जेवायचं होतं. जिजींनी दार उघडलं आणि धाकट्या भावाकडे बघून तोंडाला पदर लावला. ते डोक्यापासून पायापर्यंत लाल झाले होते. जेवताना त्यांनी जिजींना सगळी वळणं ताटातल्या वाट्या मांडून समजावून सांगितली. कोणी कुठे चूक केली, कोणाचा हात चांगला, कोण नुसता आवाज करतो. प्राध्यापकांनी चष्मा दोरीने बांधायला हवा, हेही सांगितलं. अखिलबद्दल म्हणाले, "तिसऱ्या फेरीत चांगला आला होता. माझ्या वळणावर घाई केली."

अखिल मुगाची खिचडी खात होता. त्याने मान डोलावली. घाई केलीच होती.

सतरा इंची चाकं त्याने दुसऱ्याच आठवड्यात प्रेमराजकडे नेली. प्रेमराजने एकही प्रश्न विचारला नाही, आणि ते अखिलला जास्त लागलं. त्याने निमूटपणे चौदाच्या डिस्क आणि १८५/७० टायर घातले. गाडी पुन्हा साधी दिसायला लागली. चेलनाने गॅलरीतून बघून सांगितलं, "सापडली वाटतं."

त्यानंतर रविवारी पहाटे तो मेहरूण तलावाकडे जाऊन एका मोकळ्या जागेत रिकामे खोके मांडून वळणं घ्यायला लागला. खोके कपड्यांचे, दुकानातले. सुरुवातीला बरेच चेपले. पुढेपुढे कमी चेपले.

पावसाळा संपल्यावर मेघाचा फोन आला. दुकानात गर्दी होती. अखिलने गल्ल्यावरून उठून बाजूला जाऊन तो घेतला. दिवाळीनंतर पुन्हा शर्यत ठेवलीय, असं तिने सांगितलं. या वेळी मैदान मोठं आहे, गाड्या जास्त आहेत, तयारी आतापासूनच चालू आहे.

"मी तयार आहे," अखिल म्हणाला. "टायरही बदललेत. चौदाच आहेत."

"छान. पण मी कशासाठी फोन केला, तर काकांचा नंबर हवा होता. वळणावरच्या सगळ्या माणसांना समजावून सांगायला त्यांना आदल्या दिवशी बोलवायचंय. राहायची सोय आम्ही करू."

अखिलने दाराकडे बघितलं. बाबूजी खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत होते, आणि एका रिक्षाने वळण घेताना कठड्याला चाक घासलं म्हणून त्यांची मान नकारार्थी हलली.

"देतो नंबर," तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "त्यांना गाडीने सोडायला मीच येईन. आलोच आहे तर मलाही एखादी फेरी मिळेल ना?"